एकशे साठ चौकटींची हळद

नुकसान कळलं तो मंगळवार होता. दुपारची जेवणं चालू असताना उलव्याला गेलेला टेम्पो परत आला. त्याच्यामागे दुसरा आला आणि दुसऱ्यामागे तिसरा. शनिवारी पाठवलेल्या दारांच्या एकशे साठ चौकटी तिन्ही टेम्पोंत जशाच्या तशा होत्या. प्रत्येक चौकटीवर, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, हळदीची पाच बोटं उमटलेली होती आणि त्यांच्या खाली कुंकवाचा टिळा होता.

ड्रायव्हरने कमरुद्दीनच्या हातात चिठ्ठी दिली. साइटवरच्या इंजिनियरने लिहिलं होतं, ‘१६० नग. डाग. परत.’ त्याखाली जरा बारीक अक्षरात, ‘पंधरा दिवसांत स्वच्छ माल न आल्यास उरलेलं काम दुसऱ्याकडे.’

कमरुद्दीनने चिठ्ठी तीनदा वाचली. मग तिला टाचलेलं शनिवारचं चलन वाचलं. त्यावर ‘माल तपासला, स्वच्छ आहे’ असं लिहून खाली सही केलेली होती. सही त्याचीच होती, आणि चांगली वळणदार आली होती.

कंपनीचं नाव चंद्रावती डोअर्स. करंजाड्याच्या पलीकडे मोठी शेड होती. मालक हरेशने कंपनीला आईचं नाव दिलं, इथवर ठीक होतं. पण आई रोज कामावर येत असे. चंद्रावतीबाईंचं वय अडुसष्ट, आवाज मिठागरात कमावलेला. शेडमधून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक चौकटीला हळदकुंकू लावायचं आणि ज्याच्या घरी ती जाणार त्याचं नाव घेऊन ‘सुखानं र्‍हावा’ म्हणायचं, हे काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. बिनहळदीची चौकट लोकांच्या घरात पाठवायची म्हणजे त्यांना उपाशी पाहुणा वाटेला लावल्यासारखं वाटे. आतापर्यंत दिवसाला दहाबारा चौकटी होत. सगळ्या सागवानी, पॉलिश केलेल्या, पुसलं की हळद निघून जाई.

मग उलव्याच्या एकवीस मजली टॉवरचं काम मिळालं. हरेशने ऑफिसच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहून घेतलं, ‘दिवसाला शंभर चौकटी’. ध्येय कसं गाठायचं ते शिकवायला पुण्याहून वसुंधरा मॅडम आल्या. आणि शिस्त आणायला कमरुद्दीनला नेमलं. तो बावीस वर्षं कुवेतमध्ये स्टोअरकीपर होता, एवढी पात्रता हरेशला पुरली. “या टॉवरपुरतं बघू, चाचा,” तो म्हणाला होता. “जमलं तर कायमचं.”

कमरुद्दीनला ते कायमचं हवं होतं. पगारासाठी नाही. बायको नूरुन्निसा जाऊन चौदा महिने झाले होते. मुलगी सिदरा दोह्याला, ती शुक्रवारी फोन करी. नवीन पनवेलच्या घरात सकाळी नऊपर्यंत पेपर वाचून होई, निविदांच्या जाहिरातींसकट, आणि साडेनऊनंतर त्या घरात त्याच्यावाचून अडेल असं काही उरत नसे. शेडमध्ये मात्र नऊ वाजल्यापासून लोक त्याला हाका मारत. बाकी काय नको होतं, त्या हाका हव्या होत्या.

म्हणूनच शनिवारी त्याने ती सही केली होती. नव्या चौकटी पांढऱ्या प्रायमरच्या होत्या, त्यांवर हळद लागली की ती तिथेच राहणार, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. सुतारांचा मुकादम काळूराम यानेही पाहिलं. पॅकिंगवाल्यांनी पाहिलं. खुद्द हरेशने पाहिलं आणि मोबाइल काढून तो बाहेर गेला. या कंपनीत कोणी कोणाला नाही म्हणत नसे. “शंभर व्हतील का?” विचारलं की उत्तर येई, “व्हतील ना.” झाले किती ते कोणी विचारत नसे, कारण तेही मग सांगावं लागलं असतं. आणि आईंना नाही म्हणणं ही तर गोष्टच वेगळी. कंपनीच्या नावालाच कामावर येऊ नका असं कोण सांगणार?

टॉवरमध्ये घरांना नावं नव्हती, नंबर होते. ही अडचण आईंनी स्वतःच सोडवली होती. काळूराम यादी वाचे आणि त्या हळदीचा हात ठेवून म्हणत, “बी चौदाशे तीन, सुखानं र्‍हावा.” एका चौकटीला दीड मिनिट जाई. कमरुद्दीनने हिशेब केला तर शंभराला अडीच तास लागत होते, वर त्यांचा चहा.

टेम्पो रिकामे झाल्यावर सगळे चौकटींभोवती उभे राहिले. सुतकात उभं राहतात तसे. काळूराम म्हणाला, “चाचा, साबनानं धुऊन काढताव. एका तासात चकाचक.”

“निघेल?”

“निघंल ना.”

कमरुद्दीनने इथे एक क्षण थांबायला हवं होतं. पण चिठ्ठीतले पंधरा दिवस त्याच्या डोक्यात फिरत होते. काळूरामने बादलीत साबण कालवला आणि पहिल्या तीस चौकटींवर फडकं फिरवलं. हळद निघाली नाही, लाल झाली. साबण लागला की हळद लाल होते हे स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं, पण तिथे चौदा पुरुष उभे होते. तीस पांढऱ्या चौकटींवर रक्ताळलेल्या पंजांचे ठसे दिसायला लागले. चहा घेऊन आलेला माणूस ते पाहून चहासकट परत गेला.

संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर मोकल गुरुजींनी विचारलं, “चेहरा का असा?” गुरुजी तिसऱ्या मजल्यावर राहत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते साऱ्या सोसायटीला शिकवत होते. कमरुद्दीनने सांगितलं. सांगायला नको होतं. पाच मिनिटांत बाकाभोवती सात माणसं जमली. एकाने लिंबू सांगितलं, दुसऱ्याने दही. एकाने दात घासायची पांढरी पेस्ट सांगितली आणि कुठली पेस्ट यावरून त्याचा आणि दह्यावाल्याचा वाद लागला.

“डाग राहू दे बाजूला,” गुरुजी म्हणाले. “मूळ प्रश्न बाईंना सांगायचा आहे. आधी स्तुती करा. मग हळूच विषय काढा.”

“तुम्ही घरी असंच करता?”

“मी घरी विषयच काढत नाही,” गुरुजी म्हणाले.

बुधवारी कमरुद्दीनने स्तुती केली. बाकी सगळे चंद्रावतीबाईंना आई म्हणत. तो त्यांच्यापेक्षा सातच वर्षांनी लहान, म्हणून ताई म्हणे. “ताई, तुमच्यासारखी माया आजकाल कोण करतो.”

“काय झाला ता सांगा, कमरुद्दीनभाय.”

त्याने सांगितलं. मग एक तोडगाही मांडला. चौकटीची जी बाजू भिंतीत जाते तिला हळद लावावी. दिसणारही नाही आणि लागलेलीही असेल.

आईंनी ऐकून घेतलं. “तुमाला कोनी जेवायला बोलावला आनं भितीकडं तोंड करून बसवला, तर तुमी जेवाल?”

कमरुद्दीनने तोडगा परत घेतला. तो हरेशकडे गेला. “शेट, तुम्ही बोला आईंशी.”

“मी? चाचा, तुम्ही गल्फमध्ये होता.”

“गल्फमध्ये तुमच्या आई नव्हत्या.”

हरेशने वसुंधरा मॅडमना बोलावलं. मॅडम गुरुवारी सकाळी पुण्याहून आल्या, सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं आणि पडद्यावर चित्रं दाखवली. त्यांचं म्हणणं खरं तर बरोबर होतं. तुमचं ध्येय शंभरचं आहे आणि वागणं बाराचं आहे, त्या म्हणाल्या. इथे कोणी नाही म्हणत नाही, हाच तुमचा रोग. मग त्यांनी सराव घेतला. प्रत्येकाने उभं राहून शेजाऱ्याला ठामपणे नाही म्हणायचं.

“काळूराम, तुम्ही सुरुवात करा. नाही म्हणा.”

“म्हनताव ना,” काळूराम म्हणाला.

“म्हणा मग.”

“हो, म्हनताव.”

पंधरा मिनिटं हे चाललं. शेवटी तो “नाय” म्हणाला आणि मॅडमची माफी मागितली. तेवढ्यात चंद्रावतीबाई हळदीचं ताट घेऊन आत आल्या. रोजची वेळ झाली होती आणि पडदा त्यांच्या वाटेत होता. त्यांनी मॅडमकडे नीट पाहिलं, म्हणाल्या, “बरी आलीस, बाय. धर जरा.” मॅडमनी ताट धरलं. अकरा ते सव्वाबारा त्या ताट धरून आईंच्या मागे फिरल्या, आणि निघताना त्यांची ओटी भरली गेली. नारळ पिशवीत टाकताना त्या कमरुद्दीनला हळूच म्हणाल्या, “अहवाल मेल करते.” तो अजून आलेला नाही.

त्या दिवशी कमरुद्दीन लवकर घरी गेला. वाटलं, चिठ्ठीतले पंधरा दिवस भरले की या वेळी असंच घरी बसायचं आहे तर सवय करावी. आडवं व्हायला म्हणून कपाटातून चादर काढली. पांढरी होती, ईदला जेवणाखाली दस्तरखान म्हणून अंथरत. त्याला आठवलं, हिच्यावर एकदा डाळ-गोश्ताचा दालचा सांडला होता, त्यानेच सांडला होता, आणि तो साबण घेऊन धावला तेव्हा नूरुन्निसाने त्याच्या हातातून साबण काढून घेतला होता. ‘हळदीला साबण नाही लावायचा. गच्चीवर टाका. ऊन हळद खाऊन टाकतं.’ त्याने चादर उलटसुलट केली. डाग कुठे पडला होता तेही सापडेना.

तो बराच वेळ चादर मांडीवर घेऊन बसला. चौदा महिन्यांत तिचं बोलणं पहिल्यांदाच असं कामाला आलं होतं. मग त्याने हरेशला फोन केला. “शेट, मोकळी जागा पाहिजे. भरपूर ऊन लागणारी.”

जागा आईंनी दाखवली. शेडच्या मागे त्यांचं जुनं मिठागर होतं. जमीन कधीच सरकारजमा झाली होती, पण सरकारने अजून तिच्याकडे पाहिलं नव्हतं. “हितला ऊन दुप्पट लागतं,” त्या म्हणाल्या. “पन्नास वर्सं मीठ वडलंय मी.” आणि त्यानंतर कमरुद्दीनच्या हातात काही राहिलंच नाही. चौकटी आडव्या नाही, उभ्या करा. तोंड सकाळी पूर्वेला, दुपारनंतर फिरवा. खाली ओल धरते, दगडांवर ठेवा. ज्यांनी डाग पाडले त्याच आता डाग काढायला कंबर कसून उभ्या होत्या, आणि काळूराम पळत होता. ऑक्टोबरचं ऊन होतं. शुक्रवारी दुपारपर्यंत उघड्या रानात एकशे साठ चौकटी ओळीने उभ्या राहिल्या. एका चौकटीतून शिरावं आणि दुसरीतून बाहेर पडावं, चहूकडे आभाळ.

शनिवारी सकाळी पहिला दलाल आला. स्कूटर लावून त्याने चौकटी मोजल्या आणि कमरुद्दीनला विचारलं, “रो-हाऊस का? एनए झालंय?”

“घरं नाहीत ही. वाळत घातलीत.”

“समजलं, समजलं,” दलाल डोळा मिचकावून म्हणाला. “बुकिंग अजून उघडलं नाही म्हणा ना.”

अकरा वाजेपर्यंत सहा दलाल आले. साडेअकराला रिक्षातून मोकल गुरुजी उतरले, सोबत जावई. गुरुजींचा चेहरा दुखावलेला होता. “कमरुद्दीन, एका बाकावर बसतो आपण. निदान शेजाऱ्याला तरी सांगायचं.” तोवर जावई एका कोपऱ्यातल्या चौकटीत उभा राहून वारा कुठून येतो ते बघत होता. “हे पूर्वाभिमुख आहे,” तो म्हणाला.

“दुपारी फिरवणार आहोत,” कमरुद्दीनने सांगितलं. जावयाला ते तंत्रज्ञान फार आवडलं.

रविवार होता तरी सरकारी जीप आली. अतिक्रमण हटवणारे साहेब उतरले, मागे शिपाई, त्याच्या हातात नोटिसांचा गठ्ठा आणि खळीचा डबा.

“हे काय आहे?”

“चौकटी, साहेब,” कमरुद्दीन म्हणाला.

“कुठल्या घरांच्या?”

“उलव्याच्या.”

“घरं उलव्याला आणि चौकटी इथे?”

“उन्हात घातल्यात. हळद लागलीय त्यांना.”

साहेबांनी शिपायाकडे पाहिलं. “लिहा. खुलासा असमाधानकारक.”

“पण साहेब, भिंत कुठे आहे?”

“भिंत नंतर येते. चौकट उभी राहिली म्हणजे बांधकाम सुरू झालं. आम्ही पंचवीस वर्षं हेच बघतोय.”

शिपायाने एकेका चौकटीला खळ फासून नोटीस डकवली. डकवताना हातही पुसला, चौकटीलाच. एकशे बाराव्या चौकटीला नोटिसा संपल्या, तेव्हा उरलेल्या अठ्ठेचाळीस चौकटींना त्याने तोंडी नोटीस दिली, प्रत्येकीसमोर उभं राहून. चोवीस तासांत जमीनमालकाने उत्तर द्यावं आणि तोवर काहीही हलवू नये, असं बजावून जीप गेली. हळद जवळजवळ उडाली होती. आता चौकटींवर कागद होते.

सोमवारी कमरुद्दीन आणि चंद्रावतीबाई कचेरीत गेले. खिडकीवरच्या कारकुनाने गट नंबर पाहिला, मोठी वही उघडली आणि बराच वेळ तिच्यात बघत राहिला. “उत्तर जमीनमालकाने द्यायचं आहे.”

“मग देतो ना.”

“तुम्ही मालक नाही. जमीन सरकारजमा आहे. मालक म्हणजे आम्ही.”

“म्हणजे तुम्ही तुम्हालाच नोटीस दिलीत?”

“तसं म्हणता येईल.”

“मग तुम्हीच उत्तर द्या.”

कारकुनाने वही मिटली. तो मनाने वाईट नव्हता. “चाचा, आमचं पत्र आम्हाला पोचायला तीन आठवडे लागतात.”

चिठ्ठीतले नऊ दिवस उरले होते. परतीच्या रिक्षात कमरुद्दीन ते बोटांवर मोजत राहिला. बावीस वर्षांत कुवेतच्या स्टोअरमधून एक खिळा हरवला नव्हता, आणि इथे एकशे साठ चौकटी त्याच्या डोळ्यांसमोर घरं झाल्या होत्या.

मंगळवारी साहेब पाहणीला आले. त्यांना पंचनामा करायचा होता. चंद्रावतीबाई पदर खोचून पुढे झाल्या. कोणाला काही कळायच्या आत त्यांनी डोक्यावर चुंबळ ठेवली, काळूरामला हाक मारली, एक चौकट आडवी करून डोक्यावर घेतली आणि त्या चालू लागल्या. मिठाच्या टोपल्या वाहिलेली मान ती. साहेबांच्या जीपपाशी जाऊन त्यांनी चौकट जीपला टेकवली.

“घ्या. घर हाय ना? घेऊन जावा.”

साहेबांनी चौकट बोटाने हलवून पाहिली. मग हसू आवरेना म्हणून वळले आणि शिपायाला म्हणाले, “लिहा. जंगम मालमत्ता. बांधकाम आढळले नाही.” एकशे बारा नोटिसा मागे घ्यायला एकशे बारा सह्या लागतात, त्या त्यांनी चौकटीच्या सावलीत खुर्ची टाकून केल्या. चहा झाला. जाताना त्यांनी आईंना हळूच विचारलं, “माझं विचुंब्याला बांधकाम चालू आहे. चौकट पुढच्या आठवड्यात बसते. याल का?” आई म्हणाल्या, “नाव काय लावता तुमी?”

कागद कोमट पाण्याने निघाले. हळद उन्हाने खाल्ली होती, त्या तीस लाल चौकटींचीसुद्धा. कुंकू मात्र ऊन खात नाही. ते खरवडून त्या जागी काळूरामने पुन्हा प्रायमर मारला. त्यावर चंद्रावतीबाईंनी आपणहून निर्णय दिला, कुंकू यापुढे वरच्या पट्टीच्या माथ्यावर. “माथ्यावर लावला तर कोनाला काय बोलायचं नाय.” माथा भिंतीत जातो. हे कमरुद्दीनने बुधवारीच सुचवलं होतं, पण त्याने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. हळद पूर्वीच्याच जागी राहणार होती. मग प्रत्येक चौकट तीन दिवस मिठागरात.

गुरुवारी टेम्पो पुन्हा उलव्याला निघाले. इंजिनियरने बोटाने घासून पाहिलं आणि एकशे साठ नग उतरवून घेतले. चार वाजता हरेशने सगळ्यांना ऑफिसमध्ये बोलावलं. बिल्डरचा माणूस फोनवर होता, आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. उरलेल्या चौकटी रोज शंभरने येतील का, एवढंच त्याला हवं होतं.

हरेशने फोनवर हात ठेवला. “चाचा, शंभर व्हतील ना?”

काळूरामने मान डोलवायला सुरुवात केलीच होती. कमरुद्दीनने भिंतीवरची हातभर अक्षरं पाहिली. मनात हिशेब केला, आईंचं दीड मिनिट, मिठागराचे तीन दिवस, एका दिवसाचं ऊन. मग रिकामं घरही आठवलं, साडेनऊ वाजताचं.

“नाही होणार, शेट.”

काळूरामची मान मधेच थांबली.

“चाळीस होतील. चाळीस रोज होतील, स्वच्छ. शंभर म्हणालो तर पुन्हा खोटी सही करावी लागेल, आणि ती मी करणार नाही.”

“मग शनिवारी का केली?”

“नोकरी जाईल म्हणून. अजूनही जाईल, पण आता सही नाही करणार.”

हरेशने आईकडे पाहिलं. आई कमरुद्दीनकडे बघत होत्या. मग हरेशने फोनवरचा हात काढला, घसा साफ केला आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला म्हणाला, “नाय होनार. चाळीस देऊ.”

“चाळीस नक्की?” बिल्डरचा माणूस म्हणाला. “बाकी तिघं दोनशे म्हणतात आणि वीस देतात. बी विंग तुमची. ए विंग दुसऱ्याला देतो.”

फोन ठेवल्यावर हरेश बराच वेळ अर्ध्या टॉवरचं दुःख करत होता. मग त्याने काळूरामला भिंतीवर रंग मारायला सांगितलं. काळूराम म्हणाला, “उद्या मारताव,” आणि शंभराची अक्षरं अजून तशीच आहेत. येणारेजाणारे वाचतात. कमरुद्दीनला मात्र हरेशने जाता जाता सांगितलं, “चाचा, सोमवारपासून पॅकिंगही तुम्हीच बघा.” कायमचं हा शब्द तो बोलला नाही. पण पॅकिंग कोणी पंधरा दिवसांसाठी देत नाही.

डिसेंबर लागला आहे. कमरुद्दीन नऊला येतो, त्याला दिवसभर हाका येतात, आणि दुपारी तो मिठागरात चौकटी फिरवायला स्वतः जातो. मागच्या महिन्यात चंद्रावतीबाईंनी विचारलं, “तुमचे घराच्या चौकटीला काय करतात, भाय? हलद नाय ना लावत?”

“हळद नाही, ताई. बिस्मिल्ला म्हणून आत जातो. आणि वर कुराणातली आयत लावतात, फ्रेम करून. बेगमने आणली होती, आजारी पडायच्या आधी. गुंडाळलेलीच आहे.”

“मंग लावा की. काळूरामला सांगा, खिला मारून देल.”

काळूराम म्हणाला, “रविवारी येताव ना, चाचा.” त्या रविवारी त्याच्या गावात हळद होती. पुढच्या रविवारी दुसरी होती.

बी विंगच्या शेहेचाळीस चौकटी अजून जायच्या आहेत, आणि खिळा ठोकायचा आहे.